वडिलांची सोसायटी थकलेली, सातबारा त्यांच्याच नावावर, मग पीक कर्ज कुठून? बार्शीच्या दादांना सविस्तर उत्तर

दादा, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल आणि मी काही चुकीचं धरलं असेल तर तुम्ही सांगाल. बार्शी तालुक्यात तीन एकर जिरायत, खरिपात उडीद आणि त्याच रानात रब्बीला ज्वारी. वडिलांनी २०१६ ला गावच्या विकास सोसायटीतून ६० हजार पीक कर्ज काढलेलं, २०१८ ला ते वारले, कर्ज तसंच पडून राहिलं आणि आता सोसायटी १ लाख ३८ हजार मागतीय. सातबारा अजून वडिलांच्याच नावावर. राष्ट्रीयकृत बँकेत गेलात तर साहेब तोंडी म्हणाले की सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद, बघावं लागेल आणि सोसायटीचा निल दाखला, म्हणजे थकबाकी नसल्याचा कागद, आणा. गावात मायक्रोफायनान्सवाले मात्र वहिनींच्या नावावर ६० हजार द्यायला तयार बसलेत. आणि भंडाऱ्याच्या तुमच्या साडूंना तीन एकर भातावर बिनबोभाट कर्ज मिळतं, मग आमच्याच नशिबी असं का, हा राग. शेवटी तीन पर्याय विचारलेत, सोसायटी सोडून बँक धरू का, मायक्रोफायनान्स घेऊ का, कर्जमाफीची वाट बघू.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यातल्या शाखांमध्ये मी बरीच वर्षं कृषी अधिकारी होते, म्हणजे तुमच्यासारख्यांच्या फाईली मंजूर करणाऱ्या आणि परत पाठवणाऱ्या टेबलावर. आता रिटायर आहे आणि ओळखीच्यांचे कागद बघून देते. त्यामुळे बँकेची बाजू पण सांगेन, राग मानू नका.

पहिलं म्हणजे "तीन एकरवाल्याला बँक उभं करत नाही" हे डोक्यातून काढा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकांना एकूण कर्जाच्या १८ टक्के शेतीला द्यावं लागतं आणि त्या १८ पैकी १० टक्के लहान आणि अत्यल्प भूधारकांनाच, म्हणजे दोन हेक्टरपर्यंतवाल्यांना. तीन एकर म्हणजे १.२ हेक्टर, तुम्ही बरोबर त्यात बसता, मॅनेजरला तुमच्यासारखं खातं टार्गेटसाठी हवंच असतं. अडतंय ते दोन ठिकाणी. जमिनीच्या कागदावर तुमचं नाव नाही, आणि त्याच कागदावर इतर हक्कात सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, बसलाय. या दोन गोष्टी हलल्याशिवाय तुम्ही सोलापुरातल्या कुठल्याही बँकेत गेलात तरी उत्तर तेच येणार, फक्त सांगायची पद्धत वेगळी. म्हणून कुठली बँक हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, लोक तिथूनच सुरू करतात.

साडूंचं थोडक्यात सांगते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात भाताची हमीभावानं सरकारी खरेदी होते, केंद्रावर धान घातलं की पैसे खात्यात येतात, वर सरकारनं गेल्या काही हंगामात हेक्टरी २० हजार बोनस दोन हेक्टरपर्यंत दिलाय. बँकेला वसुली कुठून येणार ते दिसतं. आपल्या ज्वारीचं तसं नाही, मालदांडी ज्वारी बाजारात कधी चढ्या भावानं जाते कधी कोणी विचारत नाही, आणि पाऊस तर तुम्हाला माहितीय. पण साडूंना विचारून बघा, त्यांच्या शेजारी असे भातवाले असतील ज्यांची जमीन आजोबांच्या नावावर आहे किंवा जे दुसऱ्याचं रान ठोक्यानं करतात, त्यांना काय मिळतं? त्यांचीही गत तुमच्यासारखीच, वरनं केंद्रावरचे पैसे यायला वेळ लागतो म्हणून ते हमीभावापेक्षा कमी दरात व्यापाऱ्याला धान घालून मोकळे होतात. साडूंचे कागद साफ आहेत म्हणून त्यांना मिळतंय.

आता वारस नोंद. हे काम तुम्ही सात वर्षं टाळलंत त्याला कारण असेल, बहुतेक घरात बहिणीच्या नावावरून विषय अडतो. तलाठ्याकडं, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, अर्ज द्या किंवा ई-हक्क पोर्टलवरनं ऑनलाईन करा. मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे आधार. नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीची मुदत असते, मग मंडल अधिकारी फेरफार मंजूर करतात. २०२५ ला सरकारनं "जिवंत सातबारा" म्हणून मोहीमच काढली होती मयत खातेदारांच्या जागी वारस लावायची, तुमच्या गावात त्यात अर्ज झाला असेल तर आधी तेही बघून घ्या, आईनं किंवा भावानं केलेला असतो आणि आपल्याला पत्ताच नसतो. आई, तुम्ही, पुण्याचा भाऊ, बहीण, चौघांची नावं लागतील. बहिणीचं नाव लागतंच, तिचा हक्क आहे, आणि एक स्पष्ट सांगते, कर्जासाठी म्हणून तिच्याकडून घाईघाईनं हक्कसोड लिहून घेऊ नका. गरजच नसते. पीक कर्जाला बहुतेक शाखा सहहिस्सेदारांच्या संमतीपत्रावर चालवून घेतात, चौघांची सही असली की एकाच्या नावावर कर्ज बसतं. काही शाखा मात्र फक्त तुमच्या हिश्श्यापुरतंच क्षेत्र धरतात, मग तीन एकराचं पाऊण एकर होतं आणि रक्कम हातात घ्यायच्या लायकीची राहत नाही. हे शाखेवर आहे, आधी विचारा. तसं असेल आणि घरात सगळं गोडीत असेल तर तहसीलदारांकडं जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली वाटप करून घ्या, पण त्याला वेळ लागतो, या हंगामात त्याच्या भरवशावर राहू नका. नावं लागली की शेतकरी ओळख क्रमांक काढून घ्या, एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांना तो लागतोच आणि बँकाही आता पहिल्यांदा तोच मागतात.

सोसायटीच्या थकबाकीवर जरा थांबते, कारण खरे पैसे तिथंच वाचतात आणि लोक तिथंच आंधळेपणानं सही करतात.

गटसचिवाकडनं, म्हणजे सोसायटीच्या सचिवाकडनं, खातेउतारा घ्या, तोंडी आकडा नको. त्यात मुद्दल किती, व्याज किती, दंडव्याज किती, वडिलांनी मधे काही भरलं होतं का, सगळं वेगवेगळं दिसलं पाहिजे. तुम्ही म्हणताय मुद्दल ६० हजार आणि मागणी १ लाख ३८, म्हणजे व्याज झालं ७८ हजार. आता महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात कलम ४४अ आहे, त्याप्रमाणे सोसायटीला शेतीच्या कर्जावर मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. जुना दामदुपटीचा नियमच आहे तो. म्हणजे तुमच्या केसमध्ये जास्तीत जास्त ६० अधिक ६०, १ लाख २० हजार, आणि वडिलांनी मधल्या काळात व्याजापोटी काही भरलं असेल तर ते त्या ६० मध्येच धरायचं. १८ हजार इथंच कमी झाले, कोणाच्या पाया न पडता. कॉम्प्युटर व्याज लावत राहतो, तो कलम वाचत नाही, आणि सचिव आपणहून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका. लेखी अर्ज करा, त्यात ४४अ चा उल्लेख करा, पोच घ्या. नाही ऐकलं तर तालुक्याला सहाय्यक निबंधक बसतात, अर्जाची प्रत त्यांच्याकडं.

त्याच वेळी २०१९ च्या कर्जमुक्तीचं तपासा. महात्मा जोतीराव फुले योजनेत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ मधलं पीक कर्ज, जे ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत होतं आणि व्याजासकट दोन लाखाच्या आत होतं, ते बसत होतं. तुमचं खातं तारखांनी अगदी बरोबर त्यात बसतंय. मग राहिलं का? बहुतेक खातेदार हयात नसल्यानं आधार प्रमाणीकरण झालं नाही म्हणून, असे कितीतरी गावोगाव आहेत. यादीत वडिलांचं नाव होतं का, विशिष्ट क्रमांक पडला होता का, हे सचिवाकडं आणि सोसायटीला पैसा पुरवणाऱ्या जिल्हा बँकेच्या शाखेत विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. लाभ आज मिळेलच असं मी म्हणणार नाही, पण पुढं कधी राहिलेल्या खात्यांचा विचार झाला किंवा तडजोडीला बसलात, तर "आमचं खातं पात्र होतं आणि प्रमाणीकरणाअभावी राहिलं" हा कागद वजनदार ठरतो.

मग एकरकमी तडजोड, ज्याला सगळे ओटीएस म्हणतात. आपल्या जिल्हा बँकेची परिस्थिती तुम्हाला माहितीय, २०१८ ला संचालक मंडळ जाऊन प्रशासक आला होता, त्यामुळं वसुलीचा जोर राहिला आणि थकीत खात्यांसाठी व्याजात सवलतीच्या योजना अधूनमधून निघतात. चालू योजना कुठली आहे ते शाखेत विचारा. पण ओटीएसला हो म्हणायच्या आधी दोन गोष्टी लिहून घ्या, तडजोडीची रक्कम भरली की बेबाकी दाखला, म्हणजे तोच निल दाखला, किती दिवसात देणार, आणि त्यानंतर वारसाला सभासद करून नवीन कर्ज देणार का. हा दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. काही ठिकाणी सवलत घेतलेल्या खात्याला परत उभं करत नाहीत. शिवाय क्रेडिट रिपोर्टमध्ये "सेटल्ड" असा शेरा बसतो, पूर्ण भरलेलं आणि तडजोडीनं मिटवलेलं यात बँका फरक करतात. पण तुमच्याबाबतीत खातं वडिलांच्या नावावर आहे, तो शेरा त्यांच्या पॅन-आधारवर बसणार, तुमच्यावर नाही. म्हणून तुम्हाला ओटीएस सोयीचं आहे, हयात कर्जदाराला मी इतक्या सहज हो म्हणाले नसते.

बोजा कसा भरायचा तर भावा-बहिणीला बसवून बोला. जमीन चौघांची तर थकबाकीही चौघांची, तुम्ही एकटे कसता म्हणून तुमच्या एकट्याच्या डोक्यावर नाही. आणि वारसाची जबाबदारी वारशानं मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, हेही माहीत असू द्या, सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्याची भीती घालून तुमच्या स्वतःच्या बैलजोडीला किंवा वहिनींच्या दागिन्याला कोणी हात लावू म्हणेल तर तसं होत नाही. पैसे कमी पडत असतील तर बँकेत सोनं तारण ठेवून भरणं मला मान्य आहे, पण नवीन कर्जाचं लेखी आल्यावरच. पैसे भरल्यावर दाखला घेऊन ई-हक्क वरनं बोजा कमी करायचा अर्ज त्याच आठवड्यात टाका. लोक दाखला पिशवीत ठेवतात आणि सातबाऱ्यावर बोजा पाच-पाच वर्षं तसाच दिसत राहतो.

इथपर्यंत क्रम पक्का धरा: खातेउतारा आणि वारस नोंद एकदमच सुरू, मग तडजोड, मग बोजा कमी, मग नवीन कर्जाचा अर्ज. मनासारखं झालं तर तीन-चार महिने, नाही झालं तर सहा.

एवढा खटाटोप करून मिळणार किती, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. पीक कर्जाचा दर दरवर्षी जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरवते, पीकवार, हेक्टरी. खरे आकडे यंदाचे बघून घ्या, मी फक्त हिशोब कसा बसतो ते दाखवते. समजा ज्वारीचा दर हेक्टरी ४० हजार आणि उडीदाचा २५ हजार. तुमचं क्षेत्र १.२ हेक्टर, म्हणजे ज्वारीचे ४८ हजार, उडीदाचे ३० हजार, मिळून ७८ हजार. सोसायटी बहुतेक इथंच थांबते. बँकेच्या किसान क्रेडिट कार्डात यावर १० टक्के काढणीनंतरच्या आणि घरखर्चाला आणि २० टक्के शेतीच्या औजार-मोटर दुरुस्तीला धरतात, म्हणजे ७८ चे झाले १ लाख १ हजार ४००. आणि दरवर्षी १० टक्के वाढ धरून पाच वर्षांची मर्यादा एकदाच मंजूर होते. गोम अशी की सातबाऱ्यावर एकच पीक दिसलं तर बँक एकच धरते. उडीद काढून ज्वारी पेरणारे आपल्याकडं शेकड्यानं आहेत, पण ई-पीक पाहणी फक्त एका हंगामाची करतात, आणि मग म्हणतात कर्ज कमी दिलं. दोन्ही हंगामात मोबाईलवर पाहणी नोंदवा, फुकटचं काम आहे.

व्याज तर बघा. तीन लाखापर्यंतच्या पीक कर्जाला केंद्राच्या सवलतीनं ७ टक्के, वेळेत भरलं तर ३ टक्के परत म्हणजे ४, आणि आपल्या राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेत तेही सरकार भरतं, म्हणजे वेळेत फेडणाऱ्याला शून्य. दोन लाखापर्यंत जमीन गहाण किंवा जामीनदार मागायचा नाही, १ जानेवारी २०२५ पासून ही मर्यादा १ लाख ६० वरनं २ लाख झालीय. तीन लाखापर्यंत प्रोसेसिंग, तपासणी वगैरे फी पण नाही. कर्जाबरोबर कोणी जीवन विम्याची पॉलिसी किंवा एफडी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा, त्यावर मंजुरी अडवता येत नाही. पीक विमा सुद्धा २०२० च्या खरिपापासून कर्जदाराला ऐच्छिक आहे, तुम्हाला नको असेल तर मुदतीत तसं लिहून द्या, नाहीतर हप्ता आपोआप कापला जातो. ज्वारीला घ्यावा का नाही हा वेगळा विषय.

आता हे शून्य टक्के "वेळेत" या एका शब्दावर टांगलेलं आहे. तारीख चुकली की सवलत गेली, आणि जिरायत शेतकऱ्याची तारीख का चुकते तर वसुलीची मुदत मार्चच्या आसपास येते आणि ज्वारी त्याच सुमाराला खळ्यावर असते. विकून पैसे येईपर्यंत महिना जातो. मग गावात "नवं-जुनं" चालतं, कोणाकडनं तरी चार दिवसांसाठी हातउसने घेऊन भरायचे, नवीन उचल आली की परत करायचे, आणि त्या चार दिवसांचे देणारा हजार-दोन हजार घेतो. मी टेबलावर बसून हे दरवर्षी बघायचे, चुकीचं म्हणत नाही, खातं नियमित राहतं. पण त्यापेक्षा बरं म्हणजे उडीदाचा पैसा सप्टेंबर-ऑक्टोबरला हातात येतो तेव्हाच निम्मी रक्कम खात्यात टाकायची. किसान कार्ड फिरतं खातं आहे, टाकलेले परत काढता येतात, ज्वारीच्या पेरणीला लागले तर काढा. कडब्याचे पैसे पण ज्वारीच्या आधी मोकळे होतात, ते सरळ कर्जखात्यात. मुदतीची नेमकी तारीख शाखेतून लिहून घ्या, खरीप आणि रब्बीची वेगळी असू शकते आणि सोसायटीची आणि बँकेची एकच असेल असं नाही.

मायक्रोफायनान्सबद्दल मी सरसकट वाईट बोलणार नाही. जमिनीचे कागद लागत नाहीत, बायकांना घरी येऊन देतात, गावात अडीनडीला तेवढेच उभे असतात. पण ६० हजार वर्षाला २४ टक्क्यानं घेतले आणि वर्षभर हप्ते भरत गेलात तर व्याजाचे साडेसात-आठ हजार जातात, ते एक वेळ परवडेल. खरं दुखणं हप्त्याचं आहे. हप्ता लगेच सुरू होतो, आठवड्याला नाहीतर महिन्याला, आणि ज्वारी पेरल्यापासून चार-साडेचार महिने रानातनं एक रुपया येत नाही. मग हप्ता कशातनं? मजुरीतनं, नाहीतर दुसऱ्या कंपनीकडनं. एकाच बाईच्या नावावर तीन-तीन कर्ज याच कारणानं होतात. ज्या घरात दूध आहे, डेअरीचा दहा दिवसाला पगार येतो, त्यांना हे कर्ज झेपतं. तुमच्याकडं दुभतं जनावर आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर पशुपालनासाठीचं किसान कार्ड बघा, जनावराच्या खाद्याला आणि सांभाळायला दोन लाखापर्यंतच्या कर्जाला तीच व्याज सवलत आहे, आणि त्याला सातबाऱ्यापेक्षा जनावरं आणि दूध घातल्याच्या पावत्या जास्त महत्त्वाच्या. शाखा खळखळ करतात पण नियमात आहे. वहिनी उमेदच्या, म्हणजे सरकारी अभियानातल्या, महिला बचत गटात असतील तर मायक्रोफायनान्सच्या आधी गटाला विचारा, गटाच्या बँक कर्जाला तीन लाखापर्यंत ७ टक्के लागतात आणि हप्ता गट ठरवतो, थोडा पुढंमागं सांभाळून घेतात.

महिन्याला शेकडा तीन रुपयानं पैसे देणारे पण असतीलच गावात. ते ६० हजारावर वर्षाला २१ हजार ६०० होतात. कायद्यानं परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडनं तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्केच घेता येतात, २०१४ चा सावकारी कायदा आहे, तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडं. जमीन लिहून घेतली असेल तर त्याच कायद्यात कलम १८ खाली परत मिळवायची सोय आहे. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर इंग्रजांनी १८७९ ला शेतकऱ्याच्या बाजूनं कायदा केला तो पुणे, सातारा, नगर आणि आपलं सोलापूर या चार जिल्ह्यांसाठीच, म्हणजे आपल्याकडचं हे दुखणं किती जुनं आहे बघा. खताच्या दुकानातली उधारी पण त्याच भावात पडते. रोखीचा भाव आणि उधारीचा भाव विचारा, फरकाला महिन्यांनी भागा, आणि वर माल त्याच्याच आडतीला घालायची अट असेल तर वजन-भावात जातं ते वेगळंच.

मग या हंगामाचं काय? तुमच्याकडं मागची ज्वारी, तूर किंवा उडीद घरात पडून असेल तर शेतमाल तारण योजना बघा. पणन मंडळाची योजना १९९० पासून आहे, माल बाजार समितीच्या किंवा वखार महामंडळाच्या गोदामात ठेवायचा, तूर-उडीदाला किमतीच्या ७५ टक्के पैसे लगेच (ज्वारीला टक्का कमी असू शकतो, विचारून घ्या), ६ टक्के व्याज, सहा महिने मुदत. समजा ३० हजाराचा उडीद ठेवला तर २२ हजार ५०० हातात, तीन महिन्यांचं व्याज ३४० रुपयाच्या आसपास, आणि भाव चढला तर तो तुमचा. यात सातबाऱ्यावर बोजा आहे का कोणी विचारत नाही, पीक नोंद असलेला उतारा लागतो. सगळ्या बाजार समित्या ही योजना मनापासून राबवत नाहीत, बार्शीत सध्या चालू आहे का ते जाऊन विचारा, भातालाही हीच योजना लागू आहे, साडूंनाही सांगा. माल नसेल तर बँकेचं सोनं तारण, तेही लागतील तेवढेच. शेतीसाठीचं सोनं तारण सावकारापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, आणि हप्ता नसतो, हंगामानंतर एकदम भरायचं.

कर्जमाफी. २००८, २०१७, २०१९, तिन्ही मी टेबलावरनं बघितल्यात. दर वेळी तारखांची अट असते, कोण आत कोण बाहेर हे आधी कोणालाच माहीत नसतं, आणि तुमचं घर तर आत असून बाहेर राहिलं, बहुतेक खातं मयताच्या नावावर होतं म्हणून. म्हणून वाट बघायची असेल तरी वारस नोंद करून बघा. चर्चा जोरात असेल आणि तडजोडीची योजना पुढचे काही महिने चालू राहणार असेल तर ओटीएसचे पैसे भरायला जरा थांबलात तरी मी तुम्हाला नावं ठेवणार नाही, व्याज ४४अ मुळं आता पुढं वाढत नाही. पण थांबल्याचा खर्च धरा, त्या काळात तुम्ही शून्य टक्क्याच्या बाहेर आहात आणि बाहेरचा पैसा २४ नाहीतर ३६ टक्क्यानं येतोय. शिवाय २०१९ च्याच योजनेत नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारापर्यंत प्रोत्साहन मिळालं होतं, म्हणजे फायदा थकलेल्यांनाच होतो असं नाही.

सिबिलचं म्हणाल तर पीक कर्जाला सिबिलची अट घालू नका असं २०२५ ला मुख्यमंत्र्यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावलंय. तरी बँक रिपोर्ट काढतेच, ते तिच्या सिस्टीममध्ये आहे. तुमच्या नावावर कधीच कर्ज नसेल तर स्कोअरच्या जागी उणे एक दिसतं, त्याला घाबरू नका, हिस्टरी नाही एवढाच त्याचा अर्थ, नवीन पीक कर्जाला ते आड येत नाही. आड येते ती थकीत ओळ. कुठं मोबाईलच्या हप्त्याची, कोणाला जामीन राहिलेली अशी काही निघते का हे वर्षातून एकदा फुकट रिपोर्ट मिळतो तो काढून बघा, जामीनकीवाले फार जण अडकतात. चूक असेल तर ऑनलाईन तक्रार करा, तीस दिवसात दुरुस्त करावी लागते.

आणि पुढच्या वेळी शाखेत जाल तेव्हा तोंडी विचारायला जाऊ नका. सातबारा, आठ-अ, फेरफार, बेबाकी दाखला, ओळख क्रमांक, संमतीपत्र लावून अर्ज द्या आणि पोच मागा. पोच दिली की मॅनेजरला उत्तर द्यावं लागतं, नाकारलं तर कारण लेखी, पूर्ण अर्जावर किसान कार्ड चौदा दिवसात व्हायला हवं. नाहीच हललं तर सोलापूर जिल्ह्याची लीड बँक, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय बघणारी, बँक ऑफ इंडिया आहे, तिथल्या जिल्हा अग्रणी व्यवस्थापकांना भेटा, ते शाखेला फोन करतात आणि निम्मी कामं त्या फोनवरच होतात. बँकेकडं लेखी तक्रार करून तीस दिवस झाले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाईन जाता येतं, पण तिथं पोच नसेल तर काही चालत नाही. मार्चमध्ये जाऊ नका, शाखेत कोणाला मान वर करायला वेळ नसतो. एप्रिल-मे मध्ये जा, खरिपाचं वाटप सुरू असतं आणि टार्गेट कोरं असतं.

एक राहिलं, २०२५ च्या सप्टेंबरात सीना आणि बाकी नद्यांनी जो गोंधळ घातला त्यात तुमचं रान गेलं असेल तर हिशोब थोडा बदलतो, नुकसानग्रस्त तालुक्यात वसुलीला स्थगिती आणि कर्जाचं पुनर्गठन असा निर्णय झाला होता. जुन्या थकीत खात्याला त्याचा उपयोग कमी, चालू खात्यांना जास्त. पंचनाम्यात तुमचं नाव आहे का कळवा.

खातेउतारा मिळाला की नाव-नंबर झाकून फोटो टाका, वडिलांनी मधे व्याजाचं किती भरलंय ते बघून तडजोडीला किती आकडा म्हणायचा ते सांगते. वहिनींनी मायक्रोफायनान्सच्या फॉर्मवर सही केली नसेल तर तोपर्यंत थांबा म्हणावं.